तुळशीत ओतलेलं पाणी

बोरिवलीच्या आमच्या चर्चमध्ये मी दर रविवारी लहान मुलांना धर्मशिक्षण देते. पहिल्याच धड्यात प्रश्न आहे, देव कुठे आहे? मुलं ओरडतात, "सगळीकडे!" मी शाबासकी देऊन मोकळी होते. इतक्या वर्षांत ते उत्तर मला कधी बोचलं नव्हतं.

आई अंथरुणाला खिळल्यापासून फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिला घरी येऊन कम्युनियन देतात. त्या शुक्रवारी ते देऊन गेले आणि दोनच मिनिटांत आईला ठसका लागला. ती पांढरी, पातळ भाकर, जी आमच्या श्रद्धेप्रमाणे साक्षात ख्रिस्ताचं शरीर असते, ओली होऊन तिच्या हातरुमालात पडली.

"मी त्याला थुंकून टाकलं गं," आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

"अगं, देव सगळीकडे असतो. तो कुठे जातोय?"

"सगळीकडे असतो तो तुझ्या वर्गातला. हा माझ्या तोंडात होता."

मी फादरना फोन लावला. ते म्हणाले, "आईला सांग, यात पाप नाही. भाकर पाण्यात ठेव. पूर्ण विरघळली की मातीत ओत, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी."

"विरघळल्यावर तो त्यात नसतो, फादर?"

"भाकर उरली नाही की तसा नसतो."

"पण देव तर असतोच ना?"

"असतोच. पण ते असणं वेगळं."

मी भाकर ग्लासभर पाण्यात सोडली. सगळीकडे असलेला देव एका ग्लासात जास्त कसा असेल, आणि उद्यापर्यंत कमी कसा होईल? पोरांना काय कप्पाळ शिकवत होते मी? तरी ग्लासावर बशी मी दोन्ही हातांनी झाकली, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लासात नुसतं गढूळ पाणी उरलं. आता माती कुठून आणायची? खाली सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, आणि कडेच्या कुंड्यांत कुत्री झोपलेली. आमच्या घरात झाड म्हणजे एक मनी प्लांट, तोही बाटलीतल्या पाण्यात. ग्लास घेऊन मी जिन्यात खुळ्यासारखी उभी राहिले. शेजारच्या मालवणी काकी दार उघडून बघायला लागल्या, तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं.

"मगे माझ्या तुळशीत वत," त्या म्हणाल्या. "थंय कोणाचो पाय पडणा नाय."

हे चालतं का, फादरना विचारायचं धाडस झालं नाही. मी काकींच्या बाल्कनीत चपला काढून गेले आणि पाणी हळूहळू तुळशीत ओतलं. काकींनी हात जोडले. मी क्रूसाची खूण केली. कुणाला केली, मला खरंच कळलं नाही.

घरी आले तर आई वाट बघत होती. कालपासून तिने धड चहासुद्धा घेतला नव्हता.

"कुठे ठेवलंस त्याला?"

फादरचं सगळं बोलणं तोंडाशी आलं होतं. पण मी खरं तेवढंच सांगितलं. "काकींच्या तुळशीत."

आईने काकींच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर तळहात टेकवला.

"म्हणजे इथेच आहे," ती म्हणाली. "चहा टाक."