छबूबाईचा जोर

कोल्हारच्या पुंजाराम लोहाराला बायकोला नावानं हाक मारायची सवयच नव्हती. भट्टीपुढं बसला की त्याचं एकच ओरडणं, "जोर लाव, मेलीस का काय?" आणि छबूबाई भाता ओढायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ओढत होती. पोटुशी असतानाही, तापानं फणफणत असतानाही. विस्तव जरा मंदावला, की पुंजाराम तापलेली सळई तिच्याकडं रोखायचा. माणूस वाईट होता, हे सांगायला लाज कसली?

दुष्काळाच्या साली गावात फ्लूची साथ आली. पुंजारामचा आजार फुफ्फुसात उतरला, ओठ निळे पडले. धाकट्या आसारामनं भावाला नगरच्या एका दवाखान्यात नेलं, संगं छबूबाई. तिथं श्वासाचं यंत्र नव्हतं. डॉक्टरांनी घशातून नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि तो छबूबाईच्या हातात दिला.

"हळू दाबा, बाई. मग सोडा. छाती पूर्ण खाली बसू द्या. आत हवा कोंडली, तर हृदयाकडे रक्त परतत नाही."

तिनं मान हलवली. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं वळले.

फुगा म्हणजे भाताच की! आसाराम भावाचं मनगट धरून बसला होता. "वैनी, हात गार पडाया लागलं. नाडी बी बारीक लागती," तो म्हणाला.

विस्तव विझायला लागला की काय करायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं जोर लावला. नाडी आणखी बारीक झाली, तिनं आणखी लावला. छाती फुगलेलीच राहिली. नवरा वाचावा एवढंच तिला हवं होतं. असल्या नवऱ्यासाठी का हवं होतं, देव जाणे.

नाडी लागेनाशी झाली, तसा आसाराम ओरडला. डॉक्टर धावत आले. त्यांनी फुगा हिसकावून नळी मोकळी केली. कोंडलेली हवा सुस्कारत बाहेर पडली आणि मनगटात नाडी पुन्हा लागली. त्यांनी छबूबाईची बोटं तिथं दाबून धरली.

"बघा. तुम्हीच अडवलं होतं."

पण दमलेलं हृदय संध्याकाळी थांबलं ते थांबलंच.

तेरावं उरकून आसाराम भट्टीपुढं बसला. छबूबाईनं भाता हळूच ओढला, सोडला, पूर्ण खाली बसू दिला.

"जोर लावा की, वैनी," आसाराम म्हणाला. "दादाला लावला हुता तसा."

छबूबाईनं जोर लावला.