मिश्री लावून चावलेली पेंड

निघोज्याजवळ कोंबडीखाद्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं सोयाबीनची पेंड चावून पाहिली. तेच माझं काम.

पेंड वाफेवर भाजावी लागते. कच्ची राहिली तर कोंबडी खाते, पण वाढत नाही. जास्त भाजली तर तपकिरी होते, कस जातो. तपासायला औषध असतं, कच्च्या पेंडीत टाकलं की लाल होतं. पण त्याला वेळ लागतो. म्हणून सुपरवायझर वाटी पुढे करायचा, "मावशी, बघा चावून." कच्ची पेंड हिरव्या शेंगेसारखी उग्र लागते. मी थुंकायचे आणि सांगायचे. चुकत नव्हते, म्हणून औषधाची बाटली कपाटातच पडून राहिली.

मिश्री, भाजलेल्या तंबाखूची पूड, मी घरीच दातांना लावायचे, पहाटे. गेल्या पावसाळ्यात एकदा दाढ ठणकत होती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लावली. जरा जास्तच. तोंड बधिर झालं आणि तेवढ्यात वाटी आली. चावली. काहीच लागलं नाही. उग्र लागत नाही म्हणजे भाजली, असं मी धरलं.

"जाऊ द्या," म्हटलं.

माझ्या धाकट्या जावेची पिल्लांची शेड आहे. खाद्य आमच्याच कारखान्याचं घेते, माझ्याच सांगण्यावरून. दहा-बारा दिवसांनी तिचा फोन आला.

"अक्का, पिल्लं नुसती खात्यात आन् पातळ हागत्यात. वजन धरंनात. डॉक्टर म्हनतो, रोग न्हाई, खाद्य बघा."

"मग?"

"मग काय! त्याला म्हनलं, आमच्या अक्कानं चावल्यालं हाय. पानीच बाधलं असंल. हायेत ती पोती घालते."

गप्प बसले असते तर तिने ती पोती संपवली असती. पिल्लंही संपली असती.

"घालू नकोस. त्या दिवशी दाढ ठणकत होती, म्हणून तोंडात मिश्री होती माझ्या."



"म्हंजी माझी पिल्लं तुमच्या दाढंपायी वाळली."

"व्हय."

सुपरवायझरलाही सांगितलं. तो म्हणाला, "बोलू नका कुठे. सोयाबीन ओलं होतं म्हणू." मी म्हटलं, पोती परत आणा. कुरकुरला, पण आणली. बाटली काढली. पेंड लालभडक झाली.

आता बाटली टेबलावर असते. मी पोत्यांची तोंडं शिवते. बसून काम, तरी कंबर जाते.

जावेची ती पिल्लं किरकोळच राहिली. नवी आणली तेव्हा मी गेले होते. तिने नवं पोतं उसवलं, चिमूटभर खाद्य तोंडात टाकलं, सावकाश चावलं, थुंकलं.

"भाजल्यालं हाय," म्हणाली. मला विचारलं नाही.

मी पाण्याची भांडी भरून ठेवली आणि निघाले. दाढ अजून काढलेली नाही.