कोरी नळी

"इसका हाथ लगा है, सर. तभी तो!"

एक पोरगा बोलला, सगळे हसले. सरही हसले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "उद्यापासून काचेला हात लावू नकोस. फरशी पूस फक्त."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिलाईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचसामान धुवायची. घरधनी स्टील प्लांटमध्ये. आम्ही भंडाऱ्याकडचे, सर नागपूरचे. आपल्याच भाषेतला माणूस, म्हणून जास्त लागलं.

काम काय होतं ते सांगते, थांबा. शाळा नाही शिकले, दाराशी उभी राहून ऐकलंय. आपल्या पेशींत फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम असतं. ते दुसऱ्या प्रथिनांवरचा फॉस्फेट काढून टाकतं. त्याला मोकाट सोडून चालत नाही, म्हणून त्याला आवरणारीही प्रथिनं असतात. सर ती बकऱ्याच्या मांसातून काढत. अर्क उकळला की बाकी सगळं नासलेल्या दुधासारखं फाटायचं. हे आवरणारं मात्र वरच्या नितळ पाण्यात जसंच्या तसं. मग नळीत औषध टाकायचं. फॉस्फेट सुटला की निळा रंग, एन्झाइम आवरलं गेलं की फिका. आणि एक कोरी नळी, एन्झाइम न घातलेली. ती निळी व्हायलाच नको.

तो पोरगा बोलला त्या दिवशी कोरीसुद्धा गडद निळी.

आणि ऐका. ते मटण बाजारातून मीच आणायची, मीच खिमा करायची. त्याचा अर्क सर हातात धरायचे. तेव्हा विटाळ नव्हता. विटाळ चहाच्या कपात होता. माझा कान तुटलेला कप वेगळा, खिडकीत. त्यांच्या कपांना मी शिवायचं नाही. पोरं आपापले कप स्वतः विसळायची.

मी फरशी पुसत राहिले. घरी बोलले नाही. नळ्या निळ्याच येत राहिल्या, आता धुवायला मी नसतानाही.

मग एकदा सरांनी पोरांना मोरीवर पाहिलं. नळ्यांच्या घमेल्यातच कप बुडवून, कपडे धुवायची पावडर टाकून घासत होती. त्या पावडरीत फॉस्फेट. काचेला चिकटून नळीत उतरायचा. मला कपाला शिवू दिलं नाही, म्हणून ती पावडर घमेल्यात आली.

"चल बाई, लाग कामाला," सर म्हणाले. "तुझी चूक नव्हती."

आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घमेल्याकडे हात गेलाही. आणि तिथंच थांबला.

"सर, पावडर नसती भेटली, तं माहा हात बाटलेलाच राह्यला असता ना जी?"

"सोड ना आता. कशाला वाढवतेस?"

"पोरायसमोर बोललात. पोरायसमोरच वापस घ्या."

त्या दिवशी बोललेला पोरगा नखं पाहत बसला.

मी खिडकीतला कप उचलला, त्यांच्या कपांच्या मधोमध ठेवला. "हा इथंच राहीन. नाही तं काचही तुमीच धुवा."

सरांनी शब्द मागे घेतला नाही. उगाच गोड करून सांगत नाही मी. दुसऱ्या दिवशी कप पुन्हा खिडकीत. मी पुन्हा मधे आणला, मगच काचेला हात लावला. पुन्हा खिडकीत. पुन्हा मधे. नोकरीभर.

निर्दोष सुटले, असं मी कधी म्हटलं नाही. माझ्या हाताचा निकाल लावायचा हक्क त्या नळीला नव्हताच, कोरी राहिली असती तरी.

शेवटच्या दिवशी कप घरी आणला नाही. टेबलावर ठेवून आले, मधोमध. कुणी तो खिडकीत नेला असं कळलं, तर या वयातही जाईन.