माझ्या वाटचा घोट

बाकी सगळ्यांना चिनीमातीचे कप. निळ्या फुलांचे. मला कागदाचा.

"तुमच्या तब्येतीसाठी हो, मावशी," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला इन्फेक्शन नको व्हायला."

मावशी! मी त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. तिथे बसलेल्या बायका एकमेकींना ताई म्हणत होत्या. मावशी मी एकटीच. तरी मी कप घेतला. चहा प्याले. वर "थँक्यू मॅडम" म्हणाले. पहिल्या दिवसाचं ते थँक्यू अजून माझ्या घशात अडकलंय.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा पेणला डायलिसिसला जाते. डाव्या हाताच्या शिरा जोडल्यात, तिथं बोट ठेवलं तर आत घरघर लागते. लघवी होत नाय, म्हणून पाणी मोजून प्यायचं. दिवसाचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवते. कुठे चहा प्याला, तर तेवढं बाटलीतलं ओतून टाकायचं. त्यांच्या त्या चहापायी मी संध्याकाळभर कोरडी ऱ्हायले होते.

मॅडम म्हणजे धाटावच्या एका कंपनीतल्या मोठ्या साहेबांची बायको. त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये मी ठेकेदाराकडे अकरा वर्षं भांडी घासली. आजार आला, काम सुटलं. मॅडमना कुणीतरी सांगितलं, ही बाई बौद्ध आहे, आजारातही रोज वंदना करते. झालं! अष्टमी गावात त्यांच्या बंगल्यावर दर रविवारी ध्यानाचा वर्ग भरायचा, तिथं मला बोलावणं आलं. सोबत गाडीही. डायलिसिसच्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर मला पेणला न्यायचा, आणायचा. डायलिसिस झालं की माणूस पिळलेल्या फडक्यासारखा होतो, एसटीत उभं ऱ्हावत नाय. खोटं कशाला बोलू? मी ध्यानासाठी जात नव्हते. गाडीसाठी जात होते.

वर्गाला कुणी नवीन आलं की मॅडम मला उभी करायच्या. "ह्या मावशी बघा. एवढं दुखणं, पण चेहऱ्यावर शांती. ह्यांची प्रगती बघून मला फार मुदिता होते."

मुदिता. दुसरा माणूस धम्मात पुढे गेला तर आपल्याला झालेला आनंद. हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले नाय. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या वाडीच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. आषाढ पौर्णिमेला सुरू, आश्विन पौर्णिमेला समाप्ती. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून तीनदा "साधु" म्हणायचं. तुझ्या हातून चांगलं झालं, त्याचा आम्हाला आनंद आहे, असा त्याचा अर्थ. पंधरा वर्षं ती वाचायची जागा माझी होती.

ह्या वर्षी दम पुरेना. दोन ओळी वाचल्या की धाप. मग माझ्या जागेवर माझी जाऊ बसली, सुनंदा. लग्न होऊन आली तेव्हा अडखळत वाचायची. मीच तिच्याकडून जोडाक्षरं घटवून घेतली. आता ती चौरंगापुढे आणि मी मागे भिंतीला टेकून.

एका रविवारी वर्गाचा विषयच मुदिता होता. कुणाची प्रगती बघून तुम्हाला आनंद झाला, ते प्रत्येकीनं सांगायचं. एकीचा मुलगा दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आला. एकीचा नवरा पहाटे उठून ध्यानाला बसायला लागला. प्रत्येकीनंतर सगळ्या म्हणायच्या, साधु, साधु, साधु. मग माझी पाळी आली.

"माझी जाऊ विहारात ग्रंथ वाचते," मी म्हटलं. "चांगलं वाचते. पण मला आनंद होत नाय. मी जळते. वाटतं, मी मरायला टेकले आणि ही माझ्या जागेवर जाऊन बसली. रोज मनाला समजावते. अजून जमलं नाय."

एवढं खरं मी माझ्या नवऱ्यापुढेही कधी बोलले नव्हते. साधु कुणीच म्हटलं नाय.

मॅडम हसल्या. गोड हसल्या. "मावशी, तुमच्या समाजात हे असायचंच. तुम्हाला धम्म आयता मिळाला ना. आमच्यासारखी साधना नाही केलीत. म्हणून एकमेकांचं बरं बघवत नाही."

आयता! माझ्या आजोबांनी मेलेली गुरं ओढायचं सोडलं, तर गावानं त्यांचं तळ्यावरचं पाणी बंद केलं. आजी डोक्यावर हंडा घेऊन दुसऱ्या गावाहून पाणी आणायची, पोटात माझा बाप असताना. आणि ही बाई म्हणते आयता! माझं डोकं तडकलं. हातातली शीर ठणकायला लागली.

तेवढ्यात चहा आला. निळ्या फुलांचे कप फिरले. माझ्यापुढे कागदाचा.

मी घेतला नाय. वर्गात एक डॉक्टरीणबाई यायच्या, मॅडमच्या शेजारी बसायच्या. मी त्यांच्याकडे वळले.

"डॉक्टर, धुतलेल्या कपातून प्याले तर मला काय होईल का हो?"

त्यांनी आपल्या कपात नजर घातली.

"सांगा ना."

"नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तसं काही होत नाही."

"मग माझा कप वेगळा कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, आपण मैत्रीभावनेत बसलोय. हा राग तुमच्याच प्रगतीच्या आड येईल."

"माझ्या प्रगतीचं मी बघीन. आणि मी तुमची मावशी नाय."

उठले. फाटकापाशी ड्रायव्हरनं विचारलं, "मंगळवारी किती वाजता येऊ?" "येऊ नको रे बाबा," मी म्हटलं.

कुंडलिका नदीच्या पुलावर कठडा धरून तीनदा थांबले. मी शूर वगैरे काही नव्हते. मंगळवारी पेणला जायचं कसं, एवढंच डोक्यात होतं.

मंगळवारी सुनंदा दारात आली. एसटीनं पेणला सोबत यायला.

"काय गो, घरी काम नाय तुला?"

"काम कुठं पळून जातंय, ताई? चला."

येताना नागोठण्याच्या पुढे मला उलटी झाली. तिनं पिशवी धरली, पदरानं माझं तोंड पुसलं. मला राहवलं नाय. म्हटलं, "सुनंदा, तू माझ्या जागेवर वाचतेस ना, माझा जीव जळतो."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "साधु म्हणताना तुमचा आवाज नसतो. मला ऐकू येतं ते."

मी खिडकीकडे तोंड केलं.

"म्हणून तर मोठ्यानं वाचते, ताई. भिंतीपर्यंत पोचाया नको?"

त्या संध्याकाळी विहारात वाचताना आजारी भिक्खूची गोष्ट आली. तो आपल्याच घाणीत पडलाय, सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नाहीत. का, तर तो त्यांच्या काही उपयोगी पडत नाय. मग बुद्ध स्वतःच्या हातानं त्याला धुतात. मी ते पान पंधरा वर्षं वाचलं होतं. बुद्धानं धुतलं तिथं माझा आवाज भरून यायचा, लोक डोळे पुसायचे, मला बरं वाटायचं. सुनंदा त्याच्या आधीच थांबली. ग्रंथातून मान वर करून तिनं विचारलं, "उपयोगाचा ऱ्हायला नाय, म्हणून माणूस टाकायचा? आपल्या वाडीत असं कोण पडलंय, त्याच्याकडे उद्या कोण जाणार?"

दोन हात वर झाले. तिसरा एका म्हाताऱ्याचा.

अगो बाई! पंधरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी रडवत होते, ही माणसं उठवत होती. ती माझ्या पुढे गेली. पोटात जळलं, खूप जळलं. आणि त्या जळण्यातच आनंद झाला, खरा, पहिल्यांदा. वाचन संपून सगळ्यांचं साधु म्हणून झालं होतं. मग मी एकटीच म्हणाले, साधु, साधु, साधु. आवाज फाटला. लोक मागे वळून बघायला लागले. सुनंदानं नुसती मान हलवली आणि उद्याचं पान काढून ठेवलं.

उद्या मी परत जळेन. मन असं एका संध्याकाळीत सुधारत नाय. पेणची एसटी आठवड्यातून दोनदा आहेच, आणि मला दिवसेंदिवस जास्त दम लागतोय.

मॅडमचा निरोप आला होता. राग शांत झाला की या, गाडी पाठवते. मी उलट निरोप दिला. तुम्ही धम्मात खरंच पुढे गेलात तर मला आनंद होईल, व्हायलाच पाहिजे, तो माझा धम्म आहे. पण तुमच्या मुदितेसाठी मी उभी ऱ्हाणार नाय. गाडी पाठवू नका.

किती दिवस ऱ्हायलेत, डॉक्टर सांगत नाहीत. मी रोज सकाळी बाटली भरते. भरली की उजेडात धरून बघते, किती आहे ते. थोडं आहे. त्यातला एक घोटसुद्धा मी आता वेगळ्या कपातून पिणार नाय.