कासवाची लाल अळंबी

माझा धाकटा भाऊ टपाल कचेरीत पत्रं वेगळी करतो. आठवडाभर पत्रं, आणि पानगळ लागली की सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात घालून रानात. त्याच्यासारखा फोटो काढणारा आसपासच्या दहा गावांत नाही. हे मी सांगतोय, आणि मी उगाच कुणाला चढवत नाही. घरात आम्ही त्याला कासव म्हणतो, कारण आमचे जेवून हात धुवून होतात तेव्हा हा दुसरा घास उचलत असतो.

माझं केस कापायचं दुकान आहे. शाळा सातवीपर्यंतच, पण माझ्या कात्रीखालून वाकडं डोकंसुद्धा सरळ होऊन उठतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याला कापड बांधलं की मी त्याच्यापुढे धाकट्याचे फोटो धरतो. डोंगरावरचं धुकं, पाचोळ्यात नाक खुपसलेलं साळिंदर, ओंडक्यावरच्या अळंब्या. आजवर कुणी नाक मुरडलेलं नाही. वस्तरा मानेवर असतो ना.

तर आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर दरवर्षी पानगळीचे बारा फोटो लागतात. निवडणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकदम कडक. नियम एकच, रानात कशालाही हात लावलेला नसावा. कासवाचे फोटो पाच वर्षं परत आले. यंदा तो बायकोला म्हणाला, या खेपेला नाही लागला तर कॅमेरा माळ्यावर टाकतो. चिखलाच्या बुटांवरून दर सुट्टीला त्याला फैलावर घेणारी ती, पण मला हे सांगताना तेच बूट पुसत होती. म्हणाली, दादा, आज फोटो द्यायचा शेवटचा दिवस आहे, तुम्ही जा त्यांच्याबरोबर, एकटे गेले तर एका पानाकडे बघत संध्याकाळ करतील आणि वाचनालय पाचला बंद होतं.

गेलो. दुकान बंद ठेवून गेलो, हेही लक्षात असू द्या.

रानात एका कुजलेल्या ओंडक्याशी एक लाल अळंबी उभी होती. कासव नऊ दिवस कामावर जाता-येता तिच्यावर डोळा ठेवून होता. आज तिची छत्री पूर्ण उघडली होती. दुपारी झाडांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप बरोबर तिथे उतरते, तेवढ्यात फोटो काढायचा, असा त्याचा बेत. पण कॅमेरा ठेवायची तीन पायांची तिकाटणी स्कूटरवरच राहिली होती. ती आणायला जाताना मला बजावून गेला, दादा, फक्त बस.

बसलो. अळंबी चांगलीच होती हो, पण आजूबाजूचं गवत! चार महिने दुकानाची पायरी न चढलेल्या माणसासारखं. ओंडक्याला शेवाळाचे कल्ले. माझे हात शिवशिवायला लागले. कात्री माझ्या खिशात कायम असते. मनात म्हटलं, पोराच्या सहा वर्षांचा प्रश्न आहे, बाईंच्या पुढे ही अशा अवतारात जाणार? पालथा झोपलो आणि कामाला लागलो. मागून बारीक, बाजूंनी मध्यम. कल्ले सरळ केले. शेवटी फुंकर मारून रुमालानं छत्री पुसली. मध्येच डोक्यावर काहीतरी पडलं, म्हटलं पान असेल. बाजूला कुठेतरी कॅमेरा वाजत होता. मला वाटलं, काम आवडलं.

कासव जवळ आला, बघितलं, आणि खालीच बसला.

"दादा, तू हिचे केस कापलेस."

"कडेनंच घेतलेत. बघ कशी उठून दिसते."

तो डोळे पुसायला लागला. मी कापलेलं गवत परत मातीत खोचून बघितलं, एक काडी उभी राहीना. म्हटलं, बाईंना सांगायचंच नाही. तर म्हणे, मी खोटं बोलणार नाही. मग त्यानं कॅमेऱ्यात बघितलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पुन्हा रडतोय. हसत होता लेकाचा.

तिरीप सरकेल म्हणून त्यानं लांबूनच घाईनं काढलेल्या फोटोत मी पालथा, जीभ बाहेर, हातात कात्री. ती नऊ दिवसांची तिरीप अळंबीवर नाही, माझ्या टकलावर उतरलेली. आणि टकलावर एक चिमुकला पक्षी, मान वाकडी करून खाली बघतोय, पुढचा नंबर त्याचा असल्यासारखा.

पावणेपाचला वाचनालयात पोहोचलो. बाईंनी चष्मा लावून कॅमेऱ्यातला फोटो बघितला आणि विचारलं, "कशाला हात लावलाय का?"

"हो," कासव म्हणाला. "आमच्या दादानं गवत कापलं. फोटोत तोच आहे."

"पक्ष्याला?"

"नाही."

"या गृहस्थांना?"

"त्यांना हात लावायची आमच्या घरात कुणाची छाती नाही."

बाईंनी कॅमेरा पुन्हा डोळ्यांजवळ नेला. म्हणाल्या, "पक्षी आपणहून बसला, हे आपणहून झोपले. तुम्ही कशाला हात लावला नाहीत. नियमात बसतं." आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

बारावा फोटो, वाचनालयाच्या दाराजवळ. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाढी झाली की तिकडे पाठवतो. कॅमेरा माळ्यावर गेला नाही, दाराशेजारी खुंटीला असतो. पुढच्या सुट्टीला पुन्हा निघालोय आम्ही. कासवाची अट एकच, कात्री घरी ठेवायची. ठेवली. कंगव्याबद्दल तो काही बोललेला नाही.