अंगणच वाकडं होतं

हॉस्पिटलातली तीन नंबरची खिडकी म्हणजे खिडकीकाका आणि खिडकीकाका म्हणजे तीन नंबरची खिडकी. एकतीस वर्षं ते तिथे बसून लोकांना तपासणीच्या तारखा देत आले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. खिडकीशी माणूस आला की इतर कारकून विचारायचे, "कुठला विभाग?" काका विचारायचे, "काय होतंय?" मग समोरचा सांगायचा, कान ठणकतोय, पायाला मुंग्या येतात, खाल्लेलं वर येतं. ऐकता ऐकताच काकांचा हात बरोबर त्या खणातला कागद ओढायचा. यात आपण काही विशेष करतो असं त्यांना कधी वाटलं नाही. लोकांना आपापला विभाग माहीत असता तर ते डॉक्टरच नसते का झाले, एवढंच त्यांचं म्हणणं.

घरी काका आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माणूस दारातून आत येईपर्यंत ती नजरेनेच त्याच्या खांद्याचं माप घ्यायची. त्याच नजरेला अलीकडे काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि बजावलं होतं, दर तीन महिन्यांनी डोळ्याचा दाब तपासून घ्यायचाच. दाब वाढला तरी दुखत नाही, खुपत नाही. नजर मात्र गुपचूप जाते आणि गेलेली परत येत नाही.

अशात हॉस्पिटलने वेबसाइट काढली. हळूहळू सगळ्या खिडक्या बंद करायच्या आणि तारखा वेबसाइटवरच द्यायच्या, असा बेत. सुरुवात डोळ्यांच्या विभागापासून. त्याआधी रीतसर चाचणी झाली. एका खोलीत संगणक, त्यावर कॅमेरा, आणि बसलेला माणूस कुठे अडतोय ते शेजारच्या खोलीत पडद्यावर पाहणारी चार जणं. या मंडळींची प्रमुख एक तरुण बाई होती. केसांत सदा पेन्सिल खोचलेली, म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं पेन्सिलवाली. बाई हुशार, मेहनती. पण घाई होती आणि चाचणीला माणसं हवी होती, तेव्हा हाताशी होती ती बोलावली. दोन परिचारिका, नोंदी ठेवणारा कारकून, औषधं देणारा, एक्स-रेवाला आणि आपले काका.

काकांनी डोळ्याची तारीख एक मिनिट चाळीस सेकंदांत काढून दाखवली. यादीत अठ्ठावीस विभाग होते, पण 'नेत्र – अनुवर्ती', म्हणजे डोळ्याची फेरतपासणी, हे नाव काकांना स्वतःच्या वाढदिवसासारखं पाठ. केसपेपरच्या नंबरापुढे वर्षाचे दोन आकडे लागतात, हे त्यांना झोपेतही माहीत. सहापैकी सहा जण पास झाले. पेन्सिलवालीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारपासून डोळ्यांच्या तारखा फक्त वेबसाइटवर, असं ठरलं.

काका कॉलर ताठ करून घरी आले. "ताई, आता तुझी तारीख तूच काढायचीस. अगं, शेंबडं पोरही काढेल, इतकं सोपं आहे!"

ताई एका बाहीची शिवण उसवत होती. तिने नुसती मान डोलावली.

पुढे काकांनी दोन-तीनदा विचारलं, "काढलीस ना तारीख?" दर वेळी उत्तर आलं, "काढली रे. आहे पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा काही येईना. पण स्वतःच पास केलेल्या वेबसाइटवर शंका घ्यायची कशी? काकांनी विचारणंच सोडून दिलं.

एका सुट्टीच्या सकाळी त्यांना विजारीची लांबी कमी करून हवी होती. ताई स्वयंपाकघरात होती, म्हणून आपलं माप बघायला त्यांनी स्वतःच तिची मापांची वही उघडली. शेवटच्या पानावर कुणाचीच मापं नव्हती. तिथे ताईच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

'सोमवार. यादीत डोळा सापडला नाही.'

'मंगळवार. सापडला. नंबर चूक म्हणते.'

'शुक्रवार. सगळं भरलं आणि सगळं गेलं.'

अशा अकरा ओळी होत्या. शेवटची ओळ होती, 'माझ्याच्याने होत नाही.'

काकांनी तपासणीचं कार्ड शोधलं. तारीख उलटून पाच आठवडे झाले होते.

"ताई, हे काय आहे?"

ताई हात पुसत बाहेर आली, वही पाहिली आणि ओशाळली. "ठेव ती खाली."

"मला का नाही सांगितलंस? मी तिथेच बसतो ना!"

"काय सांगू? शेंबड्या पोराला जमतं ते मला जमत नाही म्हणून? तूच म्हणालास ना बाळ्या."

ज्या तोंडाने आयुष्यभर लोकांना धीर दिला, त्याच तोंडाने घरच्या माणसाला गप्प केलं होतं. काकांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत दोघं डोळ्यांच्या विभागात हजर. परिचारिकेने कार्ड पाहिलं, भुवया उंचावल्या आणि तारखेबिरखेचं न विचारता ताईला आत नेलं. काका बाहेरच्या बाकावर बसले. समोरच्या भिंतीवरच्या फरश्या त्यांनी दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. शेवटी डॉक्टर दारात आले. "दाब आटोक्यात आहे. थेंब नेमाने घातलेत म्हणून निभावलं. पण पुन्हा असा उशीर नको."

काकांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच ताईचा हात धरून बसून राहिले, आणि ताई म्हणाली, "सोड आता, लोक बघतायत."

मग काका तडक पेन्सिलवालीकडे गेले. "माझी परीक्षा रद्द करा."

"का? तुम्ही तर पहिले आलात!"

"म्हणूनच. घरच्या माणसाला अंधारातही घराचा जिना सापडतो. तुम्ही सहाही जणं घरचीच घेतलीत. येणारा पाहुणा पडतोय, तिकडे कोण बघणार?"

पेन्सिलवाली आधी थोडी वाद घालायला गेली. मग काकांनी वहीचं पान पुढे केलं. तिने अकरा ओळी वाचल्या, पेन्सिल केसांतून काढली आणि विचारलं, "त्या येतील का इथे?"

ताई आली. वही सोबत आणली होती. काकांना शेजारच्या खोलीत, पडद्यासमोर बसवलं.

"मनात येईल ते मोठ्याने बोला," पेन्सिलवाली म्हणाली. "मी मदत करणार नाही हं, राग मानू नका."

"मला डोळा दाखवायचाय," ताईने सुरुवात केली. "आता हे बघा. 'नेत्रशल्य', 'नेत्र – प्राथमिक', 'नेत्र – अनुवर्ती'. मला देवाने डोळे दिले दोन, इथे खण तीन. अनुवर्ती म्हणजे काय हो?" उत्तर आलं नाही. "बरं, हेच दाबते. आता नंबर. कार्डावर सहा आकडे आहेत, ही मागते आठ. वरचे दोन कुठून आणू?"

वर्षाचे घाल, वर्षाचे! काका खुर्चीतून अर्धे उठले. शेजारच्याने त्यांना ओठावर बोट ठेवून खाली बसवलं.

धडपडून ताईने तेही शोधलं. फोनचा नंबर मात्र तिने मध्ये जागा सोडून लिहिला, तिला तशीच सवय. पान क्षणात कोरं झालं. "ये रे माझ्या मागल्या!" ताई म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून भरू लागली. शेवटी तारीख निवडून ती पडद्याला नाक लावून बसली. "आणि हे बटण! पांढऱ्या कापडावर पांढऱ्या खडूने खूण करतं का कुणी? माझ्या हाताखालच्या मुलीने केली असती तर पुसायला लावली असती मी."

बावीस मिनिटं झाली. शेजारच्या खोलीत बाकीचे तिघं खाली माना घालून भराभर लिहीत होते.

ताईने हात मांडीवर ठेवले. "झाले मी नापास. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणाऱ्यातली मी नाही. मलाच येत नाही, त्याला काय करणार?"

"नाही हो ताई," पेन्सिलवाली म्हणाली. "अंगणच वाकडं आहे. आम्हीच तसं केलंय. परीक्षा आमची होती, तुमची नव्हती, आणि नापास आम्ही झालो."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने चष्मा काढून पदराने डोळे पुसले आणि हसायलाच लागली. "अहो, म्हणजे दोन महिने मी स्वतःला उगाच शिव्या घालत होते की! आधी सांगायचं नाही का कुणी?" छातीवरचा दगड उतरावा तशी ती हसत होती. पडद्यासमोर काकाही हसले, आणि त्यांना रुमाल काही केल्या सापडेना.

खिडक्या बंद करायचं पुढे ढकललं गेलं. डोळ्यांच्या तारखाही पुन्हा खिडकीवर मिळू लागल्या. पेन्सिलवाली दोन दिवस काकांच्या मागे स्टूल टाकून बसली आणि लोक काय बोलतात ते ऐकत, लिहीत राहिली. या खेपेला चाचणीला तिने बाकावरची, रांगेतली, भिंग घेऊन आलेली माणसं बोलावली. एक नंबरची खिडकी कायमची चालू राहील असंही ठरलं. तीन नंबर मात्र काकांबरोबरच निवृत्त झाली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात ताईची पुढची तारीख काढायची होती. काका मदतीला धावले, तर ताईने त्यांना हातानेच लांब बसवलं. "तू नको. तुला सगळं येतं."

तिने वेबसाइटचं पान उघडलं. अठ्ठावीस विभागांची यादी कुठेच नव्हती. वर ठळक काळ्या अक्षरांत एकच प्रश्न होता आणि त्याखाली लिहायला एक मोठी चौकट.

'काय होतंय?'

ताईने तो वाचला. पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून भावाकडे पाहिलं.

"बाळ्या, अरे, हा तर तू बसलायस इथे."

काका सरसावून बसले. आणि खिडकीतल्या त्याच सुरात ते म्हणाले, "मग सांगा की बाई, काय होतंय?"