न रडणारं बाळ

“ताप नाही ना? मग सोमवारी ओपीडीत आणा,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. ते एका बाइकवाल्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावर वाकले होते. सोबत त्याचे पाच दोस्त, पाचही ओरडत होते. आमच्या कर्जतच्या कॅज्युअल्टीत तेव्हा तीच पद्धत. जो ओरडेल त्याचा केसपेपर वर.

आई आणि आजीने आणलेल्या बाळाचं बारसं कालच झालेलं. आजी कौतुकाने सांगत होती, “लई गुणाचा हाय गं बाई. एवढी पावनी आली, या मांडीवरून त्या मांडीवर फिरला, पन रडला नाय.”

“दूध कधी प्यायलाय?” मी विचारलं.

आजीने बाळाच्या आईकडे पाहिलं. आई हळूच म्हणाली, “पाळन्यात घातल्यापासून धड वढतच नाय.”

मी बाळाचे पाय हातात घेतले. गार. काखेत थर्मामीटर लावला, पस्तीस सेल्सिअसच्याही खाली. छातीवर बोट दाबून सोडलं. निरोगी बाळाची पांढरी पडलेली त्वचा तीन मोजायच्या आत पूर्ववत होते. मी पाच मोजले.

माझं डोकं फिरलं. तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू पसरले की ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला हे पाठ आहे, मग साहेबांना का नसावं?

“सर, आत्ता बघा.”

“सिस्टर, इथे डॉक्टर कोण आहे?”

“तुम्हीच. म्हणून तर बोलावतेय.”

एक दोस्त मध्ये पडला. “ओ मॅडम, आमचा नंबर आधी हाय.”

“तुझा दोस्त बोंबलतोय, म्हणजे धडधाकट आहे. बस खाली.”

डॉक्टर आले. छाती दाबून पाहिली आणि चेहरा उतरला. रक्तातली साखरही फार कमी निघाली. साखरेचं सलाईन, अँटिबायोटिकचा पहिला डोस, बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून ब्लँकेट. अँब्युलन्स चौक गावावरून पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलकडे पळाली.

बाळ वाचलं. महिन्याभराने आजी येऊन म्हणाली, “आता लई रडतो गं, झोपू देत नाय.”

“रडू दे,” म्हटलं.

मीटिंगमध्ये डॉक्टर म्हणाले, “आपण वेळेत ओळखलं.” आपण! त्याच मीटिंगमध्ये मला मेमो मिळाला. बाइकवाल्यांनी उद्धटपणाची तक्रार केली होती. खुलाशात मी एकच ओळ लिहिली: ओरडणाऱ्याला थांबता येतं.

तेव्हापासून केसपेपर मी लावते. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं वर, ओरडणारे खाली.